पोत्यातली मूठभर ज्वारी : युद्धपटाला प्रेमकथा का लागते?

दर वर्षी १७ सप्टेंबरच्या सकाळी परभणीच्या राजगोपालाचारी उद्यानात झेंडा फडकतो, स्मृतिस्तंभाला पुष्पचक्र वाहिलं जातं. मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन. तिथे रांगेत उभ्या असलेल्या शाळकरी पोराला विचारलं, तर तो न अडखळता सांगतो, की १९४८ साली याच दिवशी निजामाचं राज्य संपलं आणि आपण स्वतंत्र झालो. उत्तर अचूक असतं, चेहरा मात्र कोरडा असतो. परीक्षेत दोन गुण मिळवून देणारं एक वाक्य, एवढंच त्या दिवसाचं त्याच्याशी नातं.

तोच पोरगा रात्री मोबाइलवर कुठल्याशा परक्या मुलखातला युद्धपट बघतो. देश नकाशात दाखव म्हटलं तर दाखवता येणार नाही. भाषा कळत नाही, खालची अक्षरं वाचून काम भागवायचं. पडद्यावर आगगाडी सुटते, खिडकीतून एक सैनिक हात बाहेर काढतो, फलाटावरची मुलगी गाडीबरोबर धावते आणि मग धावायची थांबते. पोराच्या घशात आवंढा येतो.

हे कोडं आपल्या रोजच्या पाहण्यातलं आहे. ज्या लढ्यात आपले आजे-पणजे होते त्याची तारीख ऐकून काहीच होत नाही, आणि ज्यांचं नावही धड उच्चारता येत नाही अशा दोघांची ताटातूट बघून रडू येतं. असं का होतं? उत्तर शोधायला युद्धपट उघडून बघावा लागतो, घड्याळजी घड्याळ उघडतो तसा.

मोंढ्यातली परख

परभणीच्या मोंढ्यात ज्वारीची गाडी आली की व्यापारी सगळी पोती रिकामी करून बघत नाही. टोकदार नळी पोत्यात खुपसतो, मूठभर दाणे तळहातावर घेतो, फुंकर मारतो, एखादा दाणा दाताखाली फोडतो. शंभर पोत्यांचा भाव त्या मुठीवर ठरतो.

आपलं मनही असंच व्यवहार करतं. अमेरिकेतल्या डेबोरा स्मॉल, जॉर्ज लोवेनस्टाइन आणि पॉल स्लोविक या संशोधकांनी २००७ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. काही लोकांना आफ्रिकेतल्या लाखो भुकेल्यांची आकडेवारी वाचायला देऊन मदत मागितली. दुसऱ्या काहींना रोकिया नावाच्या एकाच लहान मुलीची माहिती आणि फोटो दाखवला. रोकियासाठी लोकांनी जास्त पैसे दिले. खरी नवलाई पुढे आहे : रोकियाच्या फोटोबरोबर आकडेवारीही दिली, तेव्हा मदत कमी झाली. आकडा मोठा होत गेला की करुणा वाढत नाही. ती बुजते.

म्हणजे युद्ध सांगणाऱ्यापुढे अडचण आहे. युद्ध ही गोष्टच आकड्यांची. एवढे मेले, एवढे बेघर झाले, एवढी गावं जळाली. सगळी पोती एकदम ओतली तर समोर नुसता ढीग दिसतो. म्हणून चित्रपटकार नळी खुपसतो आणि दोन दाणे बाहेर काढतो. एक तो, एक ती. युद्धपटातलं प्रेम हे युद्धाचं माप आहे. युद्ध काय हिरावून घेतं हे दाखवायचं, तर हिरावून घेण्याजोगं काहीतरी आधी प्रेक्षकाच्या हातात द्यावं लागतं.

सोलापूरचा डॉक्टर, चीनची परिचारिका

याचा उत्तम नमुना आपल्याच माणसांनी घडवला आहे. द्वारकानाथ कोटणीस यांचा जन्म १९१० साली सोलापुरात झाला. मुंबईच्या सेठ गोवर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालयात ते डॉक्टर झाले. जपानने चीनवर आक्रमण केलं होतं आणि चीनला डॉक्टर हवे होते. १९३८ साली राष्ट्रीय काँग्रेसने पाच डॉक्टरांचं पथक पाठवलं : अटल, चोळकर, कोटणीस, बसू आणि मुखर्जी. बाकीचे यथावकाश परतले, कोटणीस तिथेच राहिले. उत्तर चीनच्या डोंगराळ रणभूमीवर जखमी सैनिकांवर शस्त्रक्रिया करत राहिले. तिथेच ग्वो छिंगलान या परिचारिकेशी त्यांचं सूत जुळलं आणि १९४१ साली लग्न झालं. ऑगस्ट १९४२ मध्ये मुलगा झाला. त्याचं नाव ठेवलं इनहुआ. ‘इन’ म्हणजे भारत, ‘हुआ’ म्हणजे चीन. त्याच वर्षी ९ डिसेंबरला अपस्माराच्या झटक्यांनी कोटणीस गेले. वय ३२. बाळ चार महिन्यांचंही झालं नव्हतं.

ख्वाजा अहमद अब्बास यांनी या आयुष्यावर पुस्तक लिहिलं आणि त्यावरून व्ही. शांताराम यांनी १९४६ साली ‘डॉ. कोटणीस की अमर कहानी’ हा चित्रपट काढला. परळच्या राजकमल कलामंदिराची ही निर्मिती. कोटणीसांची भूमिका स्वतः शांतारामांनी केली, चिनी पत्नीची जयश्रीबाईंनी. संगीत वसंत देसाईंचं. हिंदीबरोबर चित्रपटाची इंग्रजी आवृत्तीही निघाली.

त्याचा शेवट जवळून पाहण्यासारखा आहे. डॉक्टर मृत्यूशय्येवर आहे. तो बायकोला आपल्या गावी जायला सांगतो, आणि तिथे पोहोचल्यावर तुला काय काय दिसेल, घरी कोण कसं सामोरं येईल, हे एकेक करून वर्णन करू लागतो. त्याचा आवाज चालू असतो आणि पडद्यावर तेच घडताना दिसतं : परदेशी सून कडेवर मूल घेऊन सासरच्या दारी येते. आवाज आहे, माणूस नाही. हजारो मैलांवरचं युद्ध सोलापूरच्या एका उंबरठ्यापाशी येऊन उभं राहतं. चीन-जपान युद्धात किती माणसं मेली हा आकडा प्रेक्षक घरी नेत नाही. पण सुनेच्या मागे मुलगा येत नाही हे दृश्य नेतो, आणि त्या एका दृश्यातून त्याला युद्ध कळतं.

विरह कुठे संपतो, शोक कुठे सुरू होतो

दोन दाणे बाहेर काढले, पुढे काय? नुसतं प्रेम दाखवून दोन तास प्रेक्षक खुर्चीला खिळून राहत नाही. इथे आपल्या जुन्या काव्यशास्त्राने केलेला एक बारीक भेद कामाला येतो.

काव्यशास्त्र सांगतं, की शृंगाराचे दोन प्रकार आहेत. प्रेमिक एकत्र असतील तर संभोग शृंगार, दूर असतील तर विप्रलंभ शृंगार. विप्रलंभ म्हणजे विरह. विरहात दुःख आहे, डोळ्यांत पाणी आहे, तरीही तो शृंगारच मानला आहे. कारण भेटीची आशा शिल्लक असते. ती आशा कायमची तुटली की रस बदलतो आणि तो होतो करुण. अश्रू तेच, पण खालची जमीन वेगळी.

युद्धपटाचं सगळं यंत्र या दोन रसांच्या सीमेवर चालतं. तो आघाडीवर आहे, ती घरी आहे. पत्र येतं तोवर विप्रलंभ. पत्र यायचं थांबलं की प्रेक्षक त्या सीमारेषेवर लटकतो : अजून आशा आहे की आता शोक करायचा? पोस्टमन गल्लीत शिरतो, सायकलची घंटा वाजते, तो या दारी थांबतो की पुढच्या? त्या वेळी चित्रगृहात कुणी खोकतसुद्धा नाही. चांगला दिग्दर्शक हा क्षण लांबवतो, कारण त्याला ठाऊक असतं, की युद्धाच्या काळात घरोघरच्या लोकांनी नेमका हाच क्षण वर्षानुवर्षं जगलेला असतो.

खोटं आहे हे माहीत असूनही रडू का येतं, यालाही काव्यशास्त्राने उत्तर दिलं आहे. त्याला भट्टनायक या पंडिताने शब्द दिला साधारणीकरण. म्हणजे पात्राचं दुःख त्या पात्राच्या मालकीचं राहत नाही आणि प्रेक्षकाच्या मालकीचंही होत नाही. ते सगळ्यांचं होतं. लग्नात मुलगी सासरी निघते तेव्हा मांडवातल्या परक्या बायकाही पदर डोळ्याला लावतात. त्या काही त्या मुलीसाठी रडत नाहीत. प्रत्येकीची स्वतःची निघण्याची वेळ, लेकीची निघण्याची वेळ त्या एका निघण्यात मिसळते. फलाटावरची परदेशी मुलगी धावायची थांबते तेव्हा पोराच्या घशात येतो तो हाच आवंढा.

कबड्डीचं मैदान आणि सुतळी बॉम्ब

आता यंत्राचे दातेरी भाग बघू. रणांगण पडद्यावर उभं करताना पहिली पंचाईत होते ती गोंधळाची. सगळ्यांच्या अंगावर माती, सगळीकडे धूर, मग आपले कोण आणि शत्रू कोण? यावर तोडगा आहे तो कबड्डीच्या मैदानासारखा. कबड्डी बघताना आपण मैदानाच्या एका लांब बाजूला बसतो. एक संघ डाव्या हाताला, दुसरा उजव्या हाताला. मध्यंतरापर्यंत डोळ्यांना दिशा पक्की ठाऊक असते. आता मधेच कुणी आपल्याला उचलून समोरच्या बाजूला नेऊन बसवलं तर? डावे उजवे होतील आणि क्षणभर काहीच कळणार नाही. म्हणून छायालेखक दोन सैन्यांमध्ये एक काल्पनिक रेषा धरतो आणि कॅमेरा तिच्या एकाच अंगाला ठेवतो. आपले नेहमी डावीकडून उजवीकडे धावतात, समोरचे उजवीकडून डावीकडे. प्रेक्षकाच्या लक्षातही येत नाही आणि तो लढाई वाचू लागतो. दिग्दर्शकाला नायकाची दिशाभूल दाखवायची असली, की तो मुद्दाम ही रेषा ओलांडतो. मग आपणही त्याच्याबरोबर हरवतो.

दुसरा भाग चेहऱ्याचा. सुमारे शंभर वर्षांपूर्वी रशियन दिग्दर्शक लेव कुलेशोव याने केलेला प्रयोग चित्रपट शिकणाऱ्या प्रत्येकाला सांगितला जातो. एका नटाचा निर्विकार चेहरा आणि मग सुपाची वाटी. तोच चेहरा आणि मग शवपेटी. तोच चेहरा आणि मग एक स्त्री. चेहरा तिन्ही वेळा तोच, पण प्रेक्षकांना त्यात कधी भूक दिसली, कधी शोक, कधी अभिलाषा. भाव नटाच्या चेहऱ्यावर नव्हता, तो दोन चित्रांच्या सांध्यात होता. युद्धपटात खंदकातला सैनिक नुसता समोर बघतो. पुढचं चित्र असतं घरच्या अंगणात वाळत घातलेल्या लुगड्याचं. संवाद एकही नसतो, तरी त्याला काय आठवतंय हे आपल्याला कळतं. प्रेमकथा लागते ती यासाठीही. ती नसेल तर सैनिकाच्या चेहऱ्याला जोडायला दुसरं चित्रच नसतं.

तिसरा भाग आवाजाचा. दिवाळीत जवळच सुतळी बॉम्ब फुटला की काय होतं आठवा. धमाका क्षणात संपतो, मग कान बधिर होतात, आत बारीक ‘कुंईऽऽ’ वाजत राहतं, लोक ओरडताना दिसतात पण ऐकू येत नाहीत. चित्रपटात स्फोटानंतर आवाज मुद्दाम काढून घेतात ते या अनुभवावर बेतलेलं असतं. ती शांतता आली, की आपण स्फोट बघणाऱ्यांत राहत नाही, स्फोट झेललेल्यांत जातो.

बाकीचे आवाज बहुतेक नंतर भरतात. घोड्याच्या टापा नारळाच्या करवंट्यांनी काढायची युक्ती आपल्या नाटकवाल्यांनाही ठाऊक आहे. थंड देशांतल्या चित्रपटांत बर्फावरून चालण्याची करकर कशाने काढतात? मक्याचं पीठ भरलेली पिशवी मुठीत दाबून. बंदुकीत फुसकं काडतूस असतं : दारू आहे, गोळी नाही. सैनिकाच्या कपड्याखाली लाल पाण्याची छोटी पिशवी आणि इवलासा स्फोटक तुकडा बांधतात, तारेने तो उडवला की ‘गोळी लागते’. असे शंभर खोटे जिन्नस एकत्र येऊन एक खरी भीती उभी करतात.

रस, मळी आणि गूळ

आता सगळ्यात नाजूक प्रश्न. ऐतिहासिक युद्धपटात खरं किती आणि रचलेलं किती?

गुऱ्हाळात शंभर किलो रस काहिलीत ओतला तर शेवटी अठरा-वीस किलो गूळ हाती येतो. बाकीचं पाणी वाफ होऊन जातं. उकळताना वर मळी येते, ती काढून टाकावी लागते. त्यात काही खोटेपणा नाही. गूळ हा उसाचाच असतो. मात्र आच जास्त झाली तर तो करपतो, आणि वजन वाढवायला कुणी भलतंच काही मिसळलं तर तो गूळच राहत नाही.

आयुष्याचा दोन तासांचा चित्रपट होताना असंच आटवावं लागतं. पाच माणसांचं एक पात्र होतं, तीन वर्षांचा एक हिवाळा होतो. याला आटवणं म्हणावं. शांतारामांच्या चित्रपटात प्लेगच्या साथीला आणि तिच्यावरचा उपाय शोधण्याच्या धडपडीला मोठी जागा आहे. प्रत्यक्षातले कोटणीस अपस्माराने गेले आणि त्यांचं रोजचं काम शस्त्रक्रियेच्या टेबलाशी होतं. डॉक्टरने परक्या लोकांसाठी जीव झिजवला हे सत्य दोन्हींत एकच आहे, पण त्याची कारणं नाट्यासाठी बदलली गेली. जाणत्या प्रेक्षकाने चित्रपट बघून रडावं आणि नंतर चरित्रही वाचावं. दोन्ही केल्याने कोटणीस कमी होत नाहीत, उलट अधिक जवळचे होतात.

करपणं कधी होतं? जेव्हा एका बाजूची सगळी माणसं देव आणि दुसऱ्या बाजूची सगळी राक्षस होतात. प्रेमकथा इथे राखणदाराचं काम करते. प्रेम सीमेपलीकडच्या माणसावर बसलं, की चित्रपटाला त्या बाजूच्या घरातही डोकवावं लागतं. तिथेही चूल आहे, आई आहे, भीती आहे हे दाखवावं लागतं.

बर्फाच्या देशातलं भाऊबंदकीचं युद्ध

हे काम चिकाटीने करणारा देश म्हणून फिनलंडकडे बघता येतं. उत्तर युरोपातला हा देश, लोकसंख्या आज सुमारे ५६ लाख. डिसेंबर १९१७ मध्ये रशियापासून स्वतंत्र झाला आणि लगेच जानेवारी ते मे १९१८ या काळात तिथे यादवी पेटली. एका बाजूला जमीनदार-मध्यमवर्गाचे ‘पांढरे’, दुसऱ्या बाजूला कामगार-कुळांचे ‘लाल’. पांढरे जिंकले. जेमतेम ३० लाखांच्या देशात ३५ हजारांहून अधिक माणसं गेली. लढाईत मेले त्याहून जास्त लोक गोळ्या घालून आणि कैद्यांच्या छावण्यांत भुकेने-रोगाने मेले. एकाच गावातली, एकाच चर्चमध्ये जाणारी माणसं एकमेकांवर उठली होती. हरलेल्यांच्या घरांत पुढे कित्येक वर्षं कुणी मोठ्याने बोललं नाही.

युद्धांबद्दलचं असं मौन सोडायला लेखक लागले. वाइनो लिन्ना यांची ‘अनोळखी सैनिक’ ही कादंबरी १९५४ साली आली. विषय पुढच्या, १९४१ ते ४४ मधल्या सोव्हिएत युनियनविरुद्धच्या युद्धाचा. तिच्यावर १९५५, १९८५ आणि २०१७ असे तीनदा चित्रपट निघाले. २०१७ च्या चित्रपटाला तिथले सुमारे दहा लाख लोक चित्रगृहात गेले, म्हणजे पाच-सहा माणसांत एक. या आवृत्तीत रोक्का नावाचा शेतकरी सैनिक सुट्टीवर घरी येतो आणि बायकोबरोबर शेतात राबतो. तो लढतो आहे ते त्या शेतासाठी. आणि इतिहास असा, की तो मुलूख शेवटी सोव्हिएत युनियनकडे गेला आणि चार लाखांहून अधिक माणसं आपली घरं-शेतं सोडून आली. नांगर धरलेला हात एकदा दाखवला, की ‘भूभाग गमावला’ या कोरड्या शब्दांत काय काय गेलं हे समजायला परभणीच्या शेतकऱ्याला दुभाषी लागत नाही.

१९१८ च्या यादवीवर आकू लोउहिमिएस या दिग्दर्शकाचा २००८ चा चित्रपट आहे. मूळ नावाचा अर्थ ‘हुकूम’. लालांच्या महिला पथकातली एक तरुणी पकडली जाते. तिच्या सोबतिणींना चौकशीशिवाय गोळ्या घातलेल्या असतात. एक पांढरा सैनिक ठरवतो, की हिला रीतसर न्यायाधीशापुढे उभं करायचं. तिला घेऊन निघतो, वाटेत होडी फुटते आणि दोघं एका निर्जन बेटावर अडकतात. शत्रू म्हणून निघालेले दोघं तिथे उरतात नुसते थंडीने कुडकुडणारे दोन जीव. न्याय, प्रेम आणि हुकूम यांतलं काय पाळायचं? यादवीचा सगळा पेच त्या बेटावर मूठभर होऊन येतो.

परभणीच्या पोत्यात काय आहे

आता आपल्या मोंढ्याकडे वळू. १९४७ च्या १५ ऑगस्टला दिल्लीत तिरंगा चढला तेव्हा परभणी जिल्हा हैदराबाद संस्थानात होता. आजचा हिंगोली जिल्हाही तेव्हा परभणीतच होता, तो वेगळा झाला १९९९ साली. निजाम मीर उस्मान अलींना विलीनीकरण नको होतं. लातूरचा वकील कासीम रझवी याच्या रझाकार या सशस्त्र संघटनेने दहशत बसवली होती. स्वामी रामानंद तीर्थांच्या नेतृत्वाखाली स्टेट काँग्रेसचा लढा चालू होता. शेकडो तरुण संस्थानाची हद्द ओलांडून उमरखेडसारख्या ठिकाणच्या सरहद्द छावण्यांत गेले. रात्री आत शिरायचं, करोडगिरी नाके जाळायचे, परत फिरायचं. ३० जानेवारी १९४८ ला उमरीची बँक लुटली गेली, ती लढ्याच्या निधीसाठी. जालन्याकडच्या धोपटेश्वरच्या दगडाबाई शेळके यांच्यासारख्या स्त्रियाही शस्त्रांच्या लढ्यात होत्या. शेवटी १३ सप्टेंबरला भारतीय फौजा शिरल्या. मुख्य तुकडी निघाली ती कोटणीसांच्या सोलापुरातून, नळदुर्गच्या वाटेने. पाच दिवसांत, शुक्रवारी १७ तारखेला, निजामाने शरणागती जाहीर केली.

या काळावर ‘रझाकार’ नावाचे चित्रपट मराठीत २०१५ साली आणि तेलुगूत २०२४ साली आले. पण गोदाकाठच्या, दुधनाकाठच्या घरांतला विप्रलंभ अजून पडद्यावर यायचा आहे. छावणीत गेलेल्या तरुणाची नवी नवरी सासरी कशी राहिली? दार वाजलं की तिने काय ओळखायचं, आपला माणूस की रझाकार? पत्र लिहिता येत नव्हतं, कारण पत्र सापडलं तर घर जळणार. पोस्टमनच्या घंटेची जागा इथे कुत्र्याच्या भुंकण्याने घेतलेली असते.

असा चित्रपट करायचा तर बारीकसारीक गोष्टी जमवाव्या लागतील. बाजारात हाली रुपया चालत होता, इंग्रजी मुलखातला तो कलदार. सात हाली दिले की सहा कलदार मिळत. सरहद्द ओलांडलेल्या तरुणाच्या खिशात कोणतं नाणं आहे यावरून तो पकडला जाऊ शकतो, एवढं नाट्य एका रुपयात आहे. कचेरीची भाषा उर्दू, शाळेचीही बव्हंशी उर्दू, कागदावर फसली साल. परभणीवरून धावणारी निजामाची गाडी मीटरगेजवर चालायची. अरुंद रूळ, छोटे डबे. आजच्या रुंद रुळांवर ते दृश्य घेतलं तर जाणत्या म्हाताऱ्याला पहिल्याच चित्रात खोट कळेल.

आणि अशा चित्रपटाला १७ सप्टेंबरला थांबता येणार नाही. भारतीय फौजांच्या या ‘पोलीस कारवाई’नंतर मराठवाड्याच्या अनेक भागांत सूडाची लाट आली आणि रझाकारांशी काडीचा संबंध नसलेले मुसलमान शेजारीही मारले गेले, लुटले गेले. पंडित सुंदरलाल समितीने त्याची नोंद केली आहे. त्याच दिवसांत शेजाऱ्यांनी शेजाऱ्यांना कणगीत, कडब्याच्या गंजीत लपवल्याच्या आठवणीही घराघरांत आहेत, दोन्ही समाजांत. आधीचे अत्याचार सांगताना नंतरचे लपवले, किंवा नंतरचे सांगताना आधीचे पुसले, तर गूळ करपला म्हणून समजा. फिनलंडच्या निर्जन बेटावर दिग्दर्शकाने जे केलं ते इथे एखाद्या कणगीच्या अंधारात करता येईल.

चौकट : थोडक्यात

• मोठा आकडा मनाला बधिर करतो, एक ओळखीचा चेहरा जागं करतो. प्रेमकथा म्हणजे युद्धाच्या पोत्यातून काढलेली मूठ.
• विरहात भेटीची आशा असते, करुणात ती संपते. युद्धपट प्रेक्षकाला या दोहोंच्या सीमेवर धरून ठेवतो.
• कॅमेऱ्याची एक बाजू, दोन चित्रांचा सांधा आणि काढून घेतलेला आवाज यांतून रणांगण ‘वाचता’ येतं.
• प्रसंग आटवणं चालतं, पण एक बाजू पुसून टाकणं चालत नाही. चित्रपट बघावा आणि इतिहासही वाचावा.
• परभणीच्या १९४७-४८ च्या आठवणी घराघरांत आहेत. त्या आता नोंदवल्या नाहीत तर पुढे मिळणार नाहीत.

एक प्रश्न घरी विचारण्यासाठी

१९४८ साली जे दहा वर्षांचे होते ते आज नव्वदीकडे झुकलेत. चित्रपट कधी निघेल तेव्हा निघेल. त्याचा कच्चा माल मात्र याच म्हाताऱ्यांपाशी आहे, आणि तो दर वर्षी कमी होतो आहे.

त्यांना विचारण्याची एक रीत आहे. ‘मुक्तिसंग्रामाबद्दल सांगा’ असं म्हटलं की ते पाठ झालेलं भाषण म्हणून दाखवतात, कारण प्रश्नच भाषणासारखा असतो. त्यापेक्षा आजीजवळ बसावं, फोनवर आवाज नोंदवायची सोय चालू करावी आणि विचारावं : ‘आजी, त्या दिवसांत रात्री दार कोण लावायचं गं?’ मग नळी पोत्यात शिरते. दाराला आतून कोणता अडसर होता हे ती सांगते, कडी वाजू नये म्हणून तिला काय गुंडाळायचे ते सांगते, आणि मग थोडं थांबून, दाराबाहेर कोणाची वाट बघत जागायचे ते सांगते.

१७ सप्टेंबरला रांगेत उभ्या असलेल्या त्या पोराने एवढी एक कडी ऐकली, तर पुढच्या वर्षी झेंडा वर जाताना त्याला तारखेच्या आधी ते दार आठवेल.